वर्गाचा अंक छापून झाला, आता आत्मपरीक्षणात काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या पत्रकारितेच्या एका वर्गानं प्रकल्प म्हणून ३२ पानी अंक काढला. आकार डबल क्राऊन एक अष्टमांश (२० बाय ३० इंचाच्या कागदाचा आठवा भाग), प्रती ३००, सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना), आतली १६ पानं रंगीत. आता प्रत्येकानं दीड हजार शब्दांचं आत्मपरीक्षण द्यायचं आहे. 'खूप शिकायला मिळालं, एकत्र काम करायची सवय लागली' यापलीकडे त्यात काय लिहावं? आणि पुढच्या वर्षी अंक काढणाऱ्यांनी सुरुवातीपासून काय सांभाळून ठेवावं?

अंकाचं आत्मपरीक्षण म्हणजे घेतलेल्या निर्णयांचा हिशेब. तुम्ही कोणता निर्णय कधी घेतलात, त्या वेळी दुसरा कोणता पर्याय समोर होता आणि छापील अंक हातात आल्यावर तो निर्णय टिकला का, एवढं परीक्षकाला पाहायचं असतं. 'खूप शिकायला मिळालं' हे वाक्य सहलीच्या वर्णनातही चालतं आणि श्रमदान शिबिराच्या अहवालातही, म्हणून त्याला गुण पडत नाहीत. 'मुखपृष्ठावरचा फोटो शेवटच्या आठवड्यात बदलला, कारण…' असं सुरू होणारं वाक्य तुमच्याच अंकाबद्दल असू शकतं. तसली वाक्यं हवीत, आणि ती आठवणीतून निघत नाहीत, कागदांतून निघतात.

म्हणून लिहायला बसण्याआधी हे सगळं एका ठिकाणी गोळा करा: पहिल्या बैठकीतली विषयांची यादी, डमीच्या, म्हणजे कोणत्या पानावर काय येणार ते दाखवणाऱ्या कच्च्या नमुन्याच्या, सगळ्या आवृत्त्या (खाडाखोड केलेल्या तर हव्यातच), घेतले नाहीत ते लेख, निदान एका लेखाचे सगळे खर्डे, लाल शाईच्या खुणांसह प्रूफं, प्रेसचं कोटेशन आणि प्रेसला शेवटी पाठवलेली पीडीएफ. तारखा कुणाला आठवत नाहीत, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'डमी', 'प्रूफ', 'कव्हर' असे शब्द शोधले की बहुतेक तारखा सापडतात. त्या संदेशांचे स्क्रीनशॉट अहवालाला जोडणार असाल तर फोन नंबर झाका. पुढच्या वर्षीच्या मुलांनी पहिल्याच दिवशी एक सामाईक फोल्डर उघडावं आणि फाइलला नाव देताना तारीख आधी लिहावी. 'फायनल', 'फायनल२', 'एकदम फायनल' अशा नावांच्या फाइलींमधून चुकीची फाइल प्रेसला जाण्याचा प्रकार दरवर्षी कुठे ना कुठे घडतो.

आता एकेक टप्पा घेऊ. प्रत्येक ठिकाणी काय तपासायचं आणि त्यातलं अहवालात काय येऊ शकतं, ते सांगतो.

वाचक कोण, हा पहिला निर्णय. बहुतेक अहवालांत 'युवा वर्ग' असं लिहिलेलं असतं. राजारामपुरीत शिकवणी लावणारी अकरावीची मुलगी, गडहिंग्लजहून रोज एसटीनं येणारा बी.कॉम.चा मुलगा आणि उद्यमनगरात अर्धवेळ काम करून शिकणारा आयटीआयचा विद्यार्थी हे तिघेही त्या 'युवा वर्गा'त बसतात, पण एकच अंक तिघांनाही सारखाच हवासा वाटेल असं नाही. ३०० प्रती नेमक्या कुणाच्या हाती गेल्या, ते लिहा. प्राध्यापक, पालक आणि जाहिरातदार यांनाच अर्ध्याहून जास्त प्रती गेल्या असतील, तर तुमचा खरा वाचक तोच होता. तसं मान्य करून कोणते मजकूर त्याच्यासाठी चुकीचे ठरले, यावर दोन परिच्छेद लिहिलेत तर ते अहवालातले सगळ्यात चांगले परिच्छेद ठरतील.

मजकुराचं माप हा दुसरा मुद्दा. यात गणित सरळ आहे, पण ते आधी कुणी करत नाही. डबल क्राऊन एक अष्टमांशचं छाटलेलं पान सुमारे सव्वासात बाय साडेनऊ इंचाचं असतं. समास सोडून सहा बाय आठ इंच उरतात. ११ पॉइंट अक्षर आणि १५ पॉइंट ओळीअंतर धरलं तर एका रकान्यात ३८ ओळी बसतात. दोन रकाने आणि ओळीला पाच-सहा शब्द, म्हणजे निव्वळ मजकुराच्या पानात ४०० ते ४३० शब्द. मथळा, लेखकाचं नाव आणि फोटो असलेल्या पहिल्या पानात २०० ते २५०. अनुक्रमणिका, संपादकीय, जाहिराती आणि फोटोंची पानं वजा केली की ३२ पानांत सात हजारांच्या आसपास शब्द मावतात. मुलं गोळा करतात पंधरा हजार. मग शेवटच्या दोन दिवसांत अक्षर ९ पॉइंटवर येतं, ओळी एकमेकींना चिकटतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. तुमच्या अंकात असं झालं असेल तर त्याचं कारण मांडणी करणाऱ्यात शोधू नका. लेख मागवताना शब्दमर्यादा दिली नव्हती, हे मूळ कारण आहे आणि अहवालात तेच यायला हवं.

विषयनिवडीबद्दल माझं मत ठाम आहे. माध्यमवर्गाच्या अंकात 'सोशल मीडिया: शाप की वरदान' या जातीचा निबंध असू नये. अंक पत्रकारितेच्या वर्गाचा आहे, म्हणून त्यात कुठे तरी जाऊन, कुणाला तरी भेटून आणलेला मजकूर हवा. कोल्हापुरात त्याची वाण नाही. मात्र इथेही एक सापळा आहे: कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा, रंकाळ्यावरची संध्याकाळ आणि मथळ्यात 'नाद खुळा'. असा मथळा कोणत्याही लेखावर बसतो, त्यामुळे तो कोणत्याच लेखाबद्दल काही सांगत नाही.

उदाहरण म्हणून शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे घ्या. घरी बसून लिहिलेल्या लेखात 'कोल्हापूरचा गूळ जगप्रसिद्ध आहे' इथपासून सुरुवात होते. सौद्याच्या वेळी तिथे उभं राहिलं की वेगळी माहिती हाती लागते: रवा (गुळाची ढेप) किती किलोचा, रंग आणि कणी पाहून दर कसा ठरतो, बोली कोण लावतो, हमालाला नगामागे काय मिळतं, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) काय काय वजा होतं. यातल्या एकेका प्रश्नाला अडत्या, हमाल आणि शेतकरी वेगवेगळं उत्तर देतात, आणि तिघांची उत्तरं शेजारी ठेवली की तुमची बातमी तयार होते. दर आणि आवक मात्र बाजार समितीच्या नोंदीवरूनच घ्या, ऐकीव आकड्यावर लेख उभा करू नका. अहवालात लिहिताना तिथे किती लोकांशी बोललात यापेक्षा कुणाशी बोलायचं राहिलं, हे सांगा.

आकड्यांचा गोंधळ पुराच्या लेखांत हमखास होतो. एकाच अंकात एक लेख २०१९ च्या महापुरावर, दुसरा २०२१ वर आणि तिसरा चिखली-आंबेवाडीच्या स्थलांतरावर असेल, तर तिन्हीत पंचगंगेची पातळी वेगवेगळ्या ठिकाणची आणि वेगवेगळ्या मापात येते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे एका कागदावर लिहून सगळ्या लेखकांना द्यायचं. गावांची, तालमींची, माणसांची नावंही त्याच कागदावर. या कागदाला संपादकीय टिपण म्हणा किंवा काहीही म्हणा, पण तो नव्हता म्हणून एकाच अंकात 'पाटाकडील तालीम मंडळ' आणि 'पाटाकडील तालिम' अशी दोन रूपं आली असतील, तर ते उदाहरण अहवालात घ्या.

बोलीचाही निर्णय असतो. कोल्हापूरच्या माणसाची मुलाखत घेतली की 'काय करालाईस', 'आलोय न्हवं' असं बोलणं येणारच. ते प्रमाण मराठीत फिरवलं की माणूस हरवतो. पण निवेदनही त्याच बोलीत लिहिलं की वाचकाला ती नक्कल वाटते. माझा सल्ला असा की अवतरणचिन्हांच्या आत माणसाचे शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत आणि बाहेरचं निवेदन अंकाच्या भाषेत असावं. हाच नियम सगळ्या मुलाखतींना लावा. एका पानावर शेतकऱ्याची बोली ठेवली आणि पुढच्या पानावर प्राध्यापकाचं तितकंच घरगुती बोलणं सुधारून घेतलं, तर त्यातून तुमच्या मनातला भेद दिसतो. आत्मपरीक्षणात अशा गोष्टीवर लिहिलेलं परीक्षक लक्ष देऊन वाचतात.

आता छपाईची रचना. इथे थोडं थांबू या, कारण विद्यार्थ्यांच्या अंकातले बरेचसे बरेवाईट परिणाम इथे ठरतात आणि अहवालांत याबद्दल एक ओळही नसते.

२० बाय ३० इंचाच्या कागदाच्या एका बाजूला तुमच्या आकाराची आठ पानं बसतात, दोन्ही बाजू मिळून सोळा. असा सोळा पानांचा एक कागद म्हणजे एक फॉर्म. म्हणजे ३२ पानांच्या एका प्रतीला दोन कागद, दोन फॉर्म. सेंटर पिनच्या अंकात एक फॉर्म दुसऱ्याच्या पोटात जातो. बाहेरच्या फॉर्मवर पान १ ते ८ आणि २५ ते ३२ येतात, आतल्या फॉर्मवर ९ ते २४. एकच फॉर्म रंगीत करायचा ठरला की आतला घेतात, म्हणजे १६ पानं सलग रंगीत मिळतात. पैसे कमी पडले आणि आतल्या फॉर्मची एकच बाजू रंगीत करायची वेळ आली, तर रंग ९, १२, १३, १६, १७, २०, २१, २४ या पानांवर मिळेल, बाकीच्या आठ पानांवर मिळणार नाही. ही यादी डमी करतानाच डोळ्यांसमोर हवी. खात्री करायला कागदाचा एक ताव घ्या, तीन घड्या घाला, पानांना आकडे टाका आणि उलगडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण वर्गातल्या प्रत्येकाला फॉर्म म्हणजे काय ते कळतं.

पैशांचा संबंध प्लेटांशी, म्हणजे ज्यांवरून छपाई होते त्या पत्र्यांशी, आहे. काळ्या छपाईला दर बाजूला एक प्लेट, चार रंगांना चार. दोन्ही फॉर्म काळे असतील तर चार प्लेटा, एक फॉर्म रंगीत केला तर दहा, सगळा अंक रंगीत केला तर सोळा, मुखपृष्ठाच्या वेगळ्या. पण हे गणित प्रेसकडे २० बाय ३० घेणारं मशीन असेल तरच खरं. लहान प्रेसमध्ये १५ बाय २० चं मशीन असतं. त्यावर एका बाजूला चारच पानं बसतात आणि प्लेटांची संख्या दुप्पट होते. त्यामुळे कोटेशन मागताना 'मशीन कोणत्या साइझचं?' हा पहिला प्रश्न असावा. दोन कोटेशनांत मोठा फरक दिसला तर बऱ्याचदा कारण इथे असतं. प्लेट आणि जुळवणीचा खर्च १०० प्रतींना जेवढा, ३०० प्रतींनाही तेवढाच, म्हणून प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो. शंभराच्या आत प्रती हव्या असतील तर ऑफसेटचा (प्लेटांवरून होणाऱ्या छपाईचा) विचार सोडून डिजिटल छपाईची चौकशी करा.

कागदही याच हिशेबात येतो. ३०० प्रतींना दोन-दोन कागद म्हणजे ६००, आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणारे दर फॉर्ममागे साधारण ५० ते १०० धरा. एका रिममध्ये ५०० कागद असतात, म्हणजे दीड रिम लागतं. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) मॅपलिथोच्या, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या छपाईच्या कागदाच्या, २० बाय ३० च्या रिमचं वजन साडेपंधरा किलो भरतं. बिलावर कागदाचं वजन लिहिलेलं असेल तर यावरून तुम्ही मागितलेलाच कागद वापरला का, ते तपासता येतं. मुखपृष्ठाला २५० जीएसएम आर्ट कार्ड घेतलं असेल तर घडीच्या जागी आधी क्रीझिंग करायला, म्हणजे दाबून खाच पाडायला, सांगावं लागतं. ते राहिलं की घडीवर शाई तडकते आणि पांढरी रेघ उमटते. तुमच्या प्रतींच्या पाठीवर ती रेघ आहे का, बघा.

दोन पानांवर पसरलेला फोटो १६-१७ वरच शोभतो, कारण ती दोन पानं एकाच कागदावर शेजारी छापली जातात. बाकीच्या जोड्यांत दोन अर्धे वेगवेगळ्या जागी छापून घडीनंतर जवळ येतात आणि केसभर का होईना, सरकतात. मात्र १६-१७ च्या मधल्या घडीवर दोन पिना येतात, त्यामुळे तिथे चेहरा येऊ देऊ नका. शिवाय एकात एक घातलेले कागद मधल्या पानांशी बाहेर ढकलले जातात. ३२ पानांत हा फरक जवळपास एक मिलिमीटर होतो आणि छाटणीत मधल्या पानांचा बाहेरचा समास तेवढा कमी होतो. पान क्रमांक कडेपासून १० मिलिमीटर आत असला की अडचण येत नाही.

मराठी अक्षरजुळणी हा स्वतंत्र विषय आहे. लेख निम्मे युनिकोडमध्ये येतात आणि निम्मे श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या परिवर्तकातून नेल्यावर मजकूर वरवर नीट दिसतो, पण 'करणाऱ्या'चं 'करणार्या' होतं. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात स्वयंपाक करणारे आहेत आणि दुसऱ्यात गुरुजी. उपाय सोपा आहे: परिवर्तनानंतर फाइलमध्ये 'र्य' आणि 'र्ह' शोधा आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासा. सरसकट बदलू नका, नाहीतर 'सूर्य' आणि 'कार्य' बिघडतील. 'ॲ' आणि 'अ‍ॅ' ही दोन वेगवेगळ्या तऱ्हेनं टाइप होणारी रूपं आहेत, त्यामुळे 'ॲप' शोधताना निम्मे सापडतात आणि निम्मे निसटतात. त्यांतलं एकच रूप ठरवून घ्या.

इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली किंवा जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली दिसली, तर फॉन्टला दोष देऊ नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसतो, एवढंच. जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालतच नाही, त्यामुळे प्रेसमधला ऑपरेटर पेजमेकरवर काम करत असेल तर ते पहिल्या भेटीतच कळायला हवं. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' पाहा. बरेच देवनागरी फॉन्ट ही अक्षरं हिंदी वळणाची दाखवतात. टिरो देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फॉन्ट आहेत, त्यातला मराठीचा घ्या. आणि अरुंद रकान्यात दोन्ही कडा सारख्या करायचा हट्ट धरू नका. 'महाविद्यालयाच्या', 'विद्यापीठाच्या' असे लांब शब्द आले की ओळीत दोनच शब्द उरतात आणि मध्ये मोठी भगदाडं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवली की रकाना वाचायला बरा होतो.

मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा हवा. संगणकावरचा साधा आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला) काळा छपाईसाठी बदलला की त्यात चारही शाया मिसळतात. चार प्लेटा केसभर हलल्या तरी काना, मात्रा आणि रफार यांच्या कडेला लाल-निळी सावली दिसते. तुमच्या रंगीत फॉर्मवर अक्षरं पुसट आणि काळ्या फॉर्मवर धारदार दिसत असतील तर बहुधा हेच झालं आहे. भिंगातून दोन्ही पानांवरचं एकच अक्षर पाहा. अहवालाला जोडायला यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. दोन्हींचे जवळून घेतलेले फोटो लावा.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. कडेपर्यंत जाणाऱ्या पूर्ण पानाच्या फोटोला तुमच्या आकारात साधारण २२५० बाय २९२५ पिक्सेल हवेत. फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा मूळ फोटो त्याला पुरतो, पण तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की त्याची मोठी बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते आणि तो पाच इंचांपलीकडे ताणता येत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे पडद्यावर ठीक दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. तालमीतले, घरातले, संध्याकाळचे फोटो आधीच थोडे उजळ करून द्यावे लागतात.

प्रूफांबद्दल प्रत्येक वर्ग एकच चूक करतो. लेख ज्यानं लिहिला त्यालाच प्रूफ दिलं जातं. तो छापलेलं वाचत नाही, आपल्या मनातलं वाचतो. पहिलं प्रूफ दोघांनी मिळून तपासावं: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफावर बोट ठेवून पाहत जायचं. दुसरं प्रूफ तिसऱ्या माणसाकडे द्यावं. शेवटच्या प्रूफात मजकूर वाचायचाच नाही. फक्त मथळे, फोटोओळी, माणसांची नावं, 'पान अमुक वरून पुढे' अशा ओळी आणि अनुक्रमणिकेतले आकडे पाहायचे. सगळ्यात मोठ्या अक्षरातली चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटते, कारण मथळा कुणी अक्षर-अक्षर लावून वाचत नाही. शुद्धलेखनासाठी १९६२ च्या नियमांची छोटी पुस्तिका जवळ ठेवा. पण रोज लागणारे शब्द थोडेच असतात, त्यांची यादी भिंतीवर लावली तरी बरंच काम भागतं: गूळ पण गुळाचा, कोल्हापूरला पण कोल्हापुरात. झालं-केलं अशी रूपं घ्यायची की झाले-केले, हेही त्याच यादीत ठरवून टाका.

अंकात संपादक, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावं छापली आहेत का, तपासा. ती ओळ उपचार म्हणून छापायची नसते. कोल्हापुरातून निघणाऱ्या 'विश्ववृत्त' मासिकातल्या लेखावरून १९०८ साली खटला झाला. लेख श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा होता, पण प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी यांना तुरुंगात जावं लागलं. ज्यांच्या नावावर अंक निघतो त्यांच्यावर जबाबदारी येते, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. वर्गातला एकदाच निघणारा अंक आणि ठरावीक काळानं बातम्या व भाष्य घेऊन विक्रीला निघणारं नियतकालिक यांत कायदा फरक करतो. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. दर तिमाहीला अंक काढायचा विचार असेल तर नोंदणीचा प्रश्न आधी प्राचार्यांसमोर ठेवा. मुलाखती आणि फोटोंची संमती लेखी घ्या. शाळकरी मुलांचे फोटो असतील तर संमती पालकांची हवी.

जाहिरातींबद्दल एकच गोष्ट अहवालात यावी. ज्यांच्याबद्दल लेख आहे त्यांचीच जाहिरात घेतली का? चप्पल लाईनवरच्या दुकानदारांवर लेख आणि समोरच्या पानावर त्यातल्याच एका दुकानाची जाहिरात, हे वाचकाला लगेच दिसतं. घेतली असेल तर लपवू नका. ती कुणी आणली, लेख आधी ठरला होता की जाहिरात, आणि लेखातलं एखादं वाक्य त्यामुळे बदललं का, हे लिहा.

आता अहवालाच्या लिखाणाकडे येऊ. सगळ्या टप्प्यांबद्दल थोडं-थोडं लिहू नका. दीड हजार शब्दांत चार निर्णय नीट मावतात, फार तर पाच. त्यातला निदान एक फसलेला हवा. उदाहरणार्थ, 'आम्ही रंगसंगती आकर्षक ठेवली' असं वाक्य असेल, तर त्या जागी असं काही यायला हवं:

'फुटबॉलवरचा फोटो-लेख पहिल्या डमीत पान ४-५ वर होता. तो फॉर्म काळा असल्यामुळे दोन पेठांच्या जर्सींचे रंग दिसले नसते आणि मैदानावर कोण कुणाविरुद्ध खेळतंय, तेच कळलं नसतं. म्हणून तो १६-१७ वर नेला आणि तिथली मुलाखत ४-५ वर आणली. फोटोंना रंग मिळाला, पण अंकाची सुरुवात लागोपाठ दोन मुलाखतींनी झाली. मुलाखतींपैकी एक आतल्या फॉर्मच्या शेवटी, पान २३-२४ वर न्यायला हवी होती. तिथली कविता ४-५ वर चालली असती, कारण तिला रंगाची गरज नव्हती.'

या परिच्छेदात कारण आहे, पर्याय आहे, नुकसान आहे आणि दुरुस्तीही आहे. याला जोडपत्र म्हणून डमीचे दोन फोटो, बदलाआधीचा आणि नंतरचा, पुरेत.

वाचकांचा प्रतिसाद घेताना 'अंक आवडला का?' असं विचारू नका. तोंडावर सगळे हो म्हणतात. वीसेक जणांच्या हातात अंक द्या आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. कुठल्या पानावर हात थांबला, कुठली पानं एकदम उलटली गेली, अनुक्रमणिका कुणी पाहिली का, हे टिपा. दोन दिवसांनी त्यांनाच विचारा की कोणता लेख शेवटपर्यंत वाचला आणि त्यातलं काय आठवतं. वर्गमित्र यात नकोत. बिंदू चौकातल्या पेपर स्टॉलवर उभे असलेले किंवा वाचनालयात बसलेले अनोळखी लोक चालतील. आलेली उत्तरं टक्केवारीत मांडू नका, वीस जणांच्या टक्केवारीला अर्थ नसतो. कुणी काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत द्या.

स्वतःच्या कामाचा भाग वेगळा आणि नेमका लिहा. 'आम्ही' हा शब्द जिथे जिथे येईल तिथे नक्की कोण, ते विचारून पाहा. मांडणी तुम्ही केली असेल तर कोणती पानं, कितवं प्रूफ, कोणता बदल तुमच्या सांगण्यावरून झाला आणि कोणता तुम्ही विरोध करूनही झाला, ते लिहा. गटात वाद झाला असेल तर दुसऱ्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडा. अहवाल देण्याआधी तो परिच्छेद त्याला वाचायला द्या.

वेळापत्रकाचंही बघा. ठरलेल्या तारखा एका रकान्यात आणि प्रत्यक्षातल्या दुसऱ्यात, असा तक्ता जोडला की उशीर कुठे सुरू झाला ते दिसतं. तो बहुतेकदा प्रेसमध्ये सुरू झालेला नसतो; लेख वेळेवर बंद न केल्यामुळे झालेला असतो. पुढच्या वर्षीसाठी साधारण आठ आठवडे धरा: दुसऱ्या आठवड्याअखेर डमी, चौथ्याला लेख बंद, पाचवा-सहावा मांडणीला, सातवा प्रूफांना, आठवा प्रेसला. दिवाळीआधीचे पंधरा दिवस, लग्नसराई आणि निवडणुकीचा काळ टाळा, तेव्हा प्रेसवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

छापील अंकात माणसाचं नाव, पद किंवा आकडा चुकला असल्याचं आता लक्षात आलं असेल, तर फक्त अहवालात कबुली देऊन भागत नाही. अर्ध्या पानाचं शुद्धिपत्र छापा, उरलेल्या प्रतींत घाला, वाचनालयाच्या प्रतीत चिकटवा, आणि ज्याचं नाव चुकलं त्याला ती प्रत स्वतः नेऊन द्या. मूळ फाइल, फोटो आणि फॉन्ट यांचं एकत्र पॅकेज करून दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातच हे शुद्धिपत्रही टाका.